बैल गेला नि झोपा केला, असे लॅपटॉपचे होऊ नये



लागण, उतारा आणि ऊसबिलाची माहिती देणाऱ्या या पानात लॅपटॉपचा विषय कशाला, असे काही मंडळी म्हणतील. पण आज आपल्या सातारा-सांगली भागात पुष्कळ घरांत हे यंत्र आले आहे. कुणाचा मुलगा कराडला किंवा सांगलीला इंजिनिअरिंग शिकतो, कुणाची मुलगी पुण्यात नोकरीस आहे. सुट्टीला पोरं घरी आली की घरची कामंही त्यावरच होतात. ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, सातबारा, पासबुकाचे फोटो, ऊसबिलांचा हिशेब, लग्नकार्याचे फोटो, सगळे त्यातच. पूर्वी ही कागदपत्रे घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत असत. ट्रंक घेऊन कुणी एस.टी.ने पुण्याला जात नव्हते. ही नवी ट्रंक मात्र रोज खांद्यावर फिरते. म्हणून तिची राखण कशी करावी, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे.

नुकसान दोन प्रकारचे

लॅपटॉप गेला की यंत्राचे पैसे जातात, ते उघड आहे. पण यंत्र आज ना उद्या परत घेता येते. खरे नुकसान आतल्या मालाचे, आणि ते दोन प्रकारचे असते. एक, आपला माल आपल्याला मिळत नाही. दोन, आपला माल दुसऱ्याच्या हाती पडतो. या दोन दुखण्यांवर औषधेही दोन आहेत. पहिल्यावर नक्कल, दुसऱ्यावर कुलूप. नक्कल आहे पण कुलूप नाही, तर चोर आपले कागद वाचत बसेल. कुलूप आहे पण नक्कल नाही, तर चोराला काही मिळणार नाही, अन् आपल्यालाही नाही. दोन्ही हवीत.

नक्कल घराबाहेरही हवी

आपण बेण्याचा सगळा ऊस एकाच पट्टीत ठेवीत नाही. रोग आला किंवा पाणी साचले तर दुसरीकडचे बेणे हाताशी असावे लागते. तोच हिशेब इथे धरावा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात: एक लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, आणि तिसरी घराबाहेर. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह यांसारख्या इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवली तरी चालेल, किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या बहिणीकडे डिस्क ठेवली तरी चालेल. डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नये. बॅग गेली की दोन्ही गेले.

घराबाहेर कशासाठी, हे कृष्णाकाठच्या माणसाला फार सांगावे लागू नये. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ साली महापूर येऊन गेला होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. २०१९ ला सांगलीच्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ भिजून गेले. ज्या ग्रंथांच्या प्रती दुसरीकडे असतील ते पुन्हा मिळतील. ज्यांच्या नसतील ते कायमचे गेले. घरातल्या फायलींचेही तसेच आहे. कपाटात वरच्या फळीवर ठेवलेली डिस्क चोरापासून वाचेल, पण घरात छातीएवढे पाणी शिरले तर तिचा भरवसा नाही.

कशाची नक्कल आधी करावी? सरकारी कागद पुन्हा मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत परत काढता येतो. आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये मिळतो. पण आपण स्वतः लिहिलेला हिशेब, मुलीचा प्रोजेक्ट, वडिलांचा एकुलता एक फोटो, वाटणीपत्राचा स्कॅन, हे कुठल्याही कचेरीत मिळत नाही. आधी त्यांची नक्कल करावी. केलेली नक्कल महिन्यातून एकदा उघडूनही पाहावी. न उगवणारे बेणे साठवून उपयोग काय?

पासवर्ड म्हणजे फाटकाचे कुलूप

सुरू करताना पासवर्ड विचारतो, म्हणजे लॅपटॉप सुरक्षित आहे, असा पुष्कळांचा समज आहे. तो अपुरा आहे. पासवर्ड हे फाटकाचे कुलूप आहे. चोराने आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर फाटकाशी त्याचा संबंधच येत नाही. यावर उपाय म्हणजे एन्क्रिप्शन, अर्थात डिस्कवरचा सगळा मजकूर गुप्त लिपीत ठेवणे. किल्लीशिवाय तो कुणालाही वाचता येत नाही. विंडोजमध्ये याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, ॲपलच्या यंत्रात फाइलव्हॉल्ट. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ही सोय असते, पण ती चालू आहे की नाही हे सेटिंगमध्ये जाऊन पाहावे लागते.

इथे एक सावधगिरी हवी. बिटलॉकरची ४८ अंकी आपत्कालीन किल्ली असते. यंत्र बिघडले किंवा दुरुस्तीत काही बदलले तर ते ही किल्ली मागते. ती नसेल तर मालकालाही दार उघडत नाही. म्हणून ती कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावी. लॅपटॉपच्या बॅगेत तर मुळीच ठेवू नये. बाहेरच्या डिस्कवरही असेच कुलूप लावता येते. आणि दोन मिनिटांसाठी उठतानासुद्धा यंत्र लॉक करावे. विंडोजची कळ आणि एल ही कळ एकदम दाबली की काम होते.

प्रवासात

स्वारगेटहून निघालेल्या गाडीत बॅग वरच्या फळीवर टाकून झोपणे म्हणजे चोराला आमंत्रण. बॅग मांडीवर किंवा पायाशी ठेवून तिचा पट्टा पायात अडकवावा. गाडी चहापाण्याला थांबली की बॅग घेऊनच उतरावे. कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसने जाताना बर्थखालच्या कडीला साखळी लावावी. मोटारीच्या मागच्या सीटवर बॅग दिसेल अशी ठेवू नये.

भिजला किंवा चोरीला गेला तर

लॅपटॉप भिजला तर चालू होतो का, हे बघू नका. चार्जर काढा, यंत्र बंद ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे न्या. यंत्र गेले तरी डिस्कवरचा माल पुष्कळदा वाचतो. ओला असताना वीज सोडली तर तोही जाण्याचा धोका असतो.

चोरी झाली तर पहिले काम पासवर्ड बदलण्याचे. दुसऱ्या यंत्रावरून आधी ई-मेलचा पासवर्ड बदलावा, कारण बाकीच्या खात्यांची दारे त्यातूनच उघडतात. सर्व यंत्रांवरून बाहेर पडण्याची सोय तिथेच असते, तीही वापरावी. मग बँकेला कळवावे. खात्यातून पैसे गेले असतील तर एक क्षणही न दवडता १९३० वर फोन करावा. रेल्वेत चोरी झाल्यास १३९ वर सांगावे.

पोलिसात फिर्याद देताना हद्दीचा प्रश्न निघाला तर घाबरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, याला झीरो एफआयआर म्हणतात. फिर्यादीत यंत्राचा अनुक्रमांक लागतो. तो खोक्यावर आणि बहुतेक लॅपटॉपच्या तळाशी छापलेला असतो. यंत्र गेल्यावर तळ कुठून आणणार? म्हणून आजच तळाचा आणि बिलाचा फोटो काढून घरच्या दोघा-तिघांच्या मोबाइलवर ठेवावा. यंत्र सापडले तर ते आपलेच, हे सांगणारा पुरावा तोच. लॅपटॉप शोधून देणारी 'फाइंड माय डिव्हाइस' ही सोयसुद्धा आधी चालू केलेली असेल तरच कामाची, आणि यंत्र इंटरनेटला जोडले गेले तरच ठिकाण कळते.

यातले एकही काम तासाभराहून मोठे नाही, फार खर्चाचेही नाही. फक्त ते आधी करावे लागते. पोरं पुढच्या वेळी घरी येतील तेव्हा जेवणं उरकल्यावर त्यांना एकच प्रश्न विचारा: हे यंत्र आज गेले, तर उद्या आपल्याजवळ काय उरेल? उत्तर देताना ती अडखळली, तर त्याच रात्री नक्कल करायला बसवा.