कोणता शब्द दाबायचा?
पडद्यामागचे रचनाशास्त्र : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण मोबाइलवरच्या अक्षरांचा आकार पाहिला. आज त्याहून त्रासदायक प्रश्न घेऊ. पडद्यावरचे कोणते शब्द नुसते वाचायचे आणि कोणते दाबायचे, हे वापरणाऱ्याला कळते कसे?

संगणकावर हे सोपे होते. माउसचा बाण दुव्यावर नेला की त्याचा हात व्हायचा. बोटाला ही सोय नाही. ते थेट टेकते, आणि टेकले की काम होऊन जाते. म्हणून दाबता येण्याची खूण शब्दावर आधीच दिसायला हवी.

१९९३ च्या मोझॅक ब्राउझरने निळा रंग आणि अधोरेखा ही जोडी रूढ केली आणि डोळ्यांना तिची सवय झाली. पुढे २०१३ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ७ आणताना बटनांच्या कडा आणि उठाव काढून टाकले. बऱ्याच ठिकाणी उरले ते फक्त रंगीत शब्द. पडदा देखणा झाला, पण बटन कोणते आणि मथळा कोणता याचा गोंधळ सुरू झाला. मार्च २०१४ च्या आयओएस ७.१ मध्ये अ‍ॅपलला ‘बटन शेप्स’ हा पर्याय द्यावा लागला. तो चालू केला की दाबायच्या शब्दांना पुन्हा खूण मिळते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली तो आजही आहे. माझ्या मते ही खूण मुळातच असायला हवी होती. ज्याला दिसत नाही त्यानेच ती शोधून काढावी, हा उलटा न्याय झाला.

एकटा रंग पुरत नाही, हे वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकषही सांगतात. रंगांधळ्या व्यक्तीला निळा-हिरवा किंवा लाल-हिरवा फरक जाणवेलच असे नाही. आणि भर उन्हात बसथांब्यावर फोन पाहणाऱ्या कुणालाही गडद निळे अक्षर काळेच दिसते.

आता आपल्या लिपीकडे येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. गूगलने २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन ही अ‍ॅपसाठीची रचनापद्धती आणली, तेव्हा चौकट नसलेल्या बटनांवरचा मजकूर सगळा कॅपिटल अक्षरांत असे. इंग्रजी वाचणाऱ्याला तेवढ्यावरून बटन ओळखता येई. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. त्यामुळे तेच अ‍ॅप मराठीत आले की ती खूण गळून पडते आणि ‘रद्द करा’ हे शब्द शेजारच्या वाक्याचाच भाग वाटतात. अधोरेखाही आपल्याकडे जपून वापरावी लागते. ‘सुरू’, ‘कृपया’, ‘पुढे’ या शब्दांतले उकार आणि ऋकार ती कापून टाकते, म्हणून रेघ बारीक आणि जरा खाली हवी. अक्षर ठळक करावे, तर लहान आकारात ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते.

मराठी पडद्यासाठी म्हणून मला चौकट किंवा भरीव पार्श्वभूमी सर्वांत भरवशाची वाटते. यादीतल्या ओळीला उजवीकडे छोटा बाणही चालतो. सोबत क्रियापद हवे: नुसते ‘पावती’ नको, ‘पावती पाहा’ हवे. दाबण्याची जागा अक्षरांपेक्षा मोठी ठेवावी. अ‍ॅपल ४४ पॉइंट आणि गूगल ४८ डीपी सुचवते (ही दोन्ही पडद्यावरच्या मापाची एकके).

उलटी चूकही तितकीच वाईट. दाबता न येणारा शब्द निळा करून अधोरेखित केला, तर माणूस दोन-तीनदा दाबतो, काहीच घडत नाही, आणि मग खऱ्या दुव्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

मराठी अ‍ॅप बनवणाऱ्यांना एक विनंती. प्रकाशनाआधी फोन कृष्णधवल करा, मराठी पडदा उघडा आणि अ‍ॅप कधी न पाहिलेल्या माणसाला विचारा, इथे काय काय दाबता येईल? तो जिथे अडखळेल, तिथे चौकट द्या.