बांधावरची शिंदी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी महाराष्ट्रातील अनेक घरांत नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले जाते. ही केरसुणी ज्या झाडाच्या पानांपासून बनते, ते झाड म्हणजे शिंदी. मात्र याच झाडाकडे समाज बराच काळ संशयाने पाहत आला आहे. शिंदीखाली बसून ताक प्यायले तरी लोक दारूच म्हणतात, असे बोलले जाते. एकाच झाडाच्या वाट्याला मान आणि बदनामी ही दोन्ही का आली, हे जाणण्यासाठी त्याची नीट ओळख करून घेऊया.

शिंदी ही माड, ताड व पोफळी यांच्या कुळातील असून खजुराची जवळची नातलग आहे. तिचे शास्त्रीय नाव 'फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस' असे आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'रानातील' असा होतो. जबलपूरच्या घमापूर भागातील मराठी कुटुंब जिला शिंदी म्हणते, तिला शेजारचे हिंदी भाषक छिंद म्हणतात. छिंदवाडा हे नावही या झाडावरूनच पडले, असे मानले जाते.

हे झाड नाल्याकाठी, पाणथळ जागी, बांधावर तसेच हलक्या व खारवट जमिनीतही वाढते. त्याचे एकच सरळ खोड १० ते १५ मीटर उंच होते. गळून गेलेल्या पानांच्या देठांच्या खुणांमुळे ते खडबडीत दिसते. शेंड्यावर निळसर हिरव्या पानांचा गोलाकार झुपका असतो. पानांच्या बुडाशी तीक्ष्ण काटे असतात. नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादी झाडाला नारिंगी-पिवळ्या फळांचे घोस लागतात. फळात गर थोडा आणि बी मोठी असते. तरीही मुले व पक्षी ती आवडीने खातात. सुगरणीची घरटीही या झाडावर लोंबताना दिसतात.

शिंदीच्या पानांपासून केरसुण्या, चटया आणि टोपल्या विणतात. केरसुणी बांधण्याचे कौशल्य मातंग समाजातील कारागिरांनी पिढ्यानपिढ्या जपले. बाजारात प्लॅस्टिकचे झाडू आल्यावर या कारागिरांची मिळकत घटली.

झाडाचे दुसरे मोठे देणे म्हणजे रस. हिवाळ्यात शेंड्याजवळील खोडाचा कोवळा भाग तासून तेथे संध्याकाळी मडके बांधतात आणि पहाटे उतरवतात. नर व मादी या दोन्ही झाडांपासून रस मिळतो. हा ताजा, गोड रस म्हणजे नीरा. ऊन वाढू लागले, की रसातील सूक्ष्म यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि नीरेची ताडी होते. गोड नीरा आणि मादक ताडी यांच्यातील अंतर अवघ्या काही तासांचे असते. म्हणूनच मडक्याला आतून चुना लावतात व रस लवकर वापरतात. नीरा आटवून गूळही करता येतो. साधारणपणे आठ ते दहा लिटर नीरेपासून एक किलो गूळ मिळतो. बंगालमध्ये हिवाळ्यातील या गुळाला मोठा मान आहे.

महाराष्ट्रातही या दिशेने प्रयत्न झाले. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधींच्या प्रेरणेने चाललेल्या या संघाने ताडगुळाच्या उद्योगाला उत्तेजन दिले. जे झाड व्यसनाचे कारण समजले जाई, तेच गरिबाच्या अन्नाचे व रोजगाराचे साधन व्हावे, हा त्यामागील विचार होता. पुढे गजानन नाईक यांनी या उद्योगाच्या प्रसाराचे काम केले. महाराष्ट्रात रस काढण्यासाठी कायद्याने परवाना लागतो, हे येथे लक्षात ठेवावे.

शिंदीची लागवड बियांपासून करतात. पिकलेल्या फळांतील बिया धुऊन एक-दोन दिवस पाण्यात भिजवाव्यात आणि माती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लावाव्यात. त्या उगवायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. तोवर माती ओलसर ठेवावी. वर्षभराची रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर किंवा नाल्याकाठी तीन-चार मीटर अंतरावर लावावीत. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी दिल्यास रोपे चांगली जगतात. झाडाची वाढ मंद असते. त्यामुळे रसासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते.

या झाडाबाबत एक गोष्ट विसरता येत नाही. आंबा किंवा कडुनिंब तोडला, तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. शिंदीला मात्र शेंड्यावर एकच वाढीचा कोंब असतो. तो छाटला, खाण्यासाठी गाभा काढला किंवा हावरेपणाने खोल तासणी केली, तर सारे झाड वाळून जाते. पाने काढतानाही कोवळी पाने राखावी लागतात आणि रस काढताना झाडाला अधूनमधून विश्रांती द्यावी लागते. एवढे भान राखले, तर बांधावर आपोआप उगवलेली शिंदी दीर्घकाळ केरसुणी, चटई, गूळ आणि सावली देत राहते. तिच्या रसाची नीरा ठेवायची की ताडी होऊ द्यायची, हे मात्र माणसाच्या हाती असते.