मनोरीहून बंदराकडे

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांना समुद्र परका नाही. सुट्टीच्या दिवशी मालाड-बोरिवलीकडील मंडळी मार्व्याला येतात, फेरीबोटीने खाडी ओलांडतात आणि मनोरीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहून परततात. परंतु ज्या समुद्रामुळे मुंबई नावारूपास आली, तो हा नव्हे. मनोरी, आक्सा, जुहू हे किनारे उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहेत. पावसाळी वाऱ्याला तेथे आडोसा नाही. मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेस आहे. मुंबई बेट आणि समोरचा कोकण किनारा यांच्यामधील खोल व शांत पाण्यात मोठी गलबते निर्धास्त नांगर टाकू शकत. शहराचे सारे वैभव या एका नैसर्गिक देणगीवर उभे आहे.

नवल असे की, उपनगरांतील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चगेटपर्यंत रोजची ये-जा झाली, पण बंदर पाहणे राहूनच गेले. स्थानक ते कचेरी एवढीच वाट पायांना ठाऊक. परगावचा पाहुणा जे पहिल्याच दिवशी पाहतो, ते मुंबईकराला निवृत्तीनंतरही पाहिलेले नसते. अशा कुटुंबांनी एक दिवस आपल्याच शहरात पाहुणे व्हावे. मनोरीहून सकाळची पहिली फेरी, मार्व्याहून मालाड स्थानक, तेथून जलद लोकलने चर्चगेट, आणि पुढे शक्यतो पायी.

चर्चगेटहून निघताच ओव्हल मैदानापलीकडे राजाबाई टॉवर दिसतो. हा मनोरा बंदराच्याच इतिहासाचे एक पान आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या तेजीचे अग्रणी होते जैन समाजातील प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे अशी इच्छा व्यक्त केली. राजाबाई दृष्टिहीन होत्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ त्यांना ठोक्यांवरून कळावी म्हणून हे घड्याळ उभारले, अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांची बहुतेक संपत्ती गेली. मनोऱ्याचे बांधकाम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ मध्ये पूर्ण झाले. साठवलेले गेले, दिलेले मात्र उरले!

तेथून गेटवे ऑफ इंडिया वीसेक मिनिटांच्या अंतरावर आहे. सम्राट पंचम जॉर्ज यांच्या १९११ मधील आगमनाचे हे स्मारक. पण ते प्रत्यक्ष आले तेव्हा कमान उभीच राहिली नव्हती. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभारलेली २६ मीटर उंचीची कमान खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. पुढे चोवीस वर्षेही झाली नव्हती, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी गेली. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी समुद्रमार्गे निघाले तेही मुंबईहूनच. तेव्हा ही कमान नव्हती आणि समुद्रप्रवासाला समाजाची सहज मान्यताही नव्हती.

गेटवेहून घारापुरीची बोट सुटते. अंतर सुमारे दहा किलोमीटर, वेळ साधारण तासाभराचा. बोट धक्का सोडू लागली की डावीकडे नौदलाची गोदी आणि उभ्या युद्धनौका दिसतात. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने येथेच मलबारी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पुढे तेलवाहू जहाजांचे जवाहर द्वीप लागते आणि पलीकडे न्हावा-शेवाच्या उंच क्रेन दिसू लागतात. ते बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनरची बहुतांश वाहतूक तिकडे गेली.

याच पाण्यातून शेठ मोतीशा यांचा व्यापार चाले. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूंक ही त्यांच्या दानशूरतेची स्मारके सर्वपरिचित आहेत. परंतु चीनकडे जाणाऱ्या त्या काळच्या मालात कापसाबरोबर अफूही असे, आणि त्या व्यापारात मुंबईचे पारशी, मुस्लिम, जैन, युरोपीय असे सर्वच मोठे व्यापारी होते, मोतीशाही होते. मुलांना बंदर दाखवताना ही गोष्ट गाळू नये. खतावणीला दोन बाजू असतात. जमेची बाजू वाचून नावेची झाकली, तर तो हिशेब राहत नाही. पूर्वजांच्या दानाचा अभिमान बाळगावा आणि धन कोणत्या मार्गाने आले हा प्रश्नही विचारावा. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना तो विचारण्याचा अधिकार आहे.

घारापुरीची लेणी साधारणपणे सहाव्या शतकातील. अंधाऱ्या सभामंडपाच्या टोकाशी त्रिमुखी सदाशिवाची शांत मुद्रा समोर येते, तेव्हा बरोबरची मुलेही आपोआप हळू आवाजात बोलू लागतात. लेण्यांचा समावेश १९८७ मध्ये जागतिक वारशात झाला. मात्र मुंबईच्या दिव्यांसमोर असलेल्या या बेटावरील गावांत समुद्राखालील तारेने वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. ज्येष्ठांनी सावकाश चढावे.

काही गोष्टी ध्यानी असाव्यात. सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात बोटींचा भरवसा नसतो. जेवणाचा डबा व उकळलेले पाणी घरूनच न्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जीवरक्षक जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. उकाडा होतो, छायाचित्र चांगले येत नाही, असल्या सबबी मुलांच्या ऐकू नयेत आणि मोठ्यांनीही सांगू नयेत. चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळी नऊच्या सुमारास निघणारी बोट धरून दुपारी लवकर परतावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून मार्व्याच्या फेरीपर्यंत निवांत पोहोचता येते.