भोपळा आधी, तानपुरा मग

कोपरगाव तालुक्यात श्रावण लागला की गावोगावी सप्ताह बसतात. गोदाकाठच्या या पट्ट्यावर सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाची छाप मोठी. एकदा नामजप सुरू झाला की वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कुणाच्या वीणेचा गोल लाकडाचा, कुणाचा भोपळ्याचा. एकतारी तर त्याहून सोपी: वाळका भोपळा, त्यातून आरपार बांबू, तोंडावर कातडं, वर एक तार.

आपल्या बागायतीत दुधी निघतो तो भाजीचा, कोवळाच तोडायचा. वाद्याचा भोपळा त्याच्याच भाऊबंदांतला, पण कडू आणि जाड कवचाचा. खायला कुचकामी. तो पाहायचा तर कोपरगावला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसून थेट मिरजेला उतरावं.

मिरजेत सतार-तानपुऱ्याचं काम साधारण १८५० पासून चालत आलंय. फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन हे भाऊ मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस सरले आणि गाण्याचे आले. संस्थानात पटवर्धनांचा आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत घर केलं. १९३७ साली ते गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. असे गवई दारात असल्यावर कारागिराला चूक खपवता येत नाही. घराण्याचं आडनावच सितारमेकर पडलं.

पण मला या गावात ओढ लागते ती गाण्याआधीच्या गोष्टीची. भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो भीमेच्या काठावरून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. वेल पावसाळ्यात वाढतो, फळ जमिनीवर मोठं होतं आणि ते कसं टेकलंय इकडे शेतकऱ्याला डोळा ठेवावा लागतो. एका अंगावर लोळून राहिलं तर ती बाजू चपटी होते, आणि चपट्या भोपळ्याचा तानपुरा होत नाही. फळ वेलावर पुरतं पिकू द्यायचं, मग वाळवायचं. घाई केली की कवच कच्चं राहतं, पुढे सुरकुततं किंवा तडकतं. जादा पाऊस झाला, शेतात पाणी साचलं, की पीक गेलंच म्हणायचं.

दुकानात आलेला भोपळा नुसता ढीग वाटतो. कारागीर मात्र एकेक उचलतो, टिचकी मारतो, कडेची जाडी अंगठ्याने चाचपतो. मग तो कापायचा. आत वाळलेला गर आणि बिया, त्या खरवडून काढायच्या. पाण्यात भिजवून कवच नरम करायचं आणि आतून काठ्यांचा ताण देऊन तोंड हव्या आकारात सुकू द्यायचं. त्यावर तुनाच्या लाकडाचा गळा जोडतात, गळ्याला दांडी, तोंडावर तबली. जोडावर कोरलेली लाकडी पानं बसवतात. लोकांना ती नक्षी वाटते, पण सांधा झाकायचं आणि धरून ठेवायचं कामही तीच करतात. चपड्याचं पॉलिश होऊन घोडीवर जवारी लागेपर्यंत बरेच दिवस जातात. जवारी म्हणजे तार घोडीला केसभर घासत झणझणावी असा घोडीचा माथा साधणं, तेही तारेखाली दोरा सरकवून नेमकं जुळवायचं.

यात दांडी लांब-आखूड करता येते, घोडी घासता येते, तबली बदलता येते. भोपळ्याचा घेर मात्र वाढवता येत नाही. पुरुषांच्या खालच्या पट्टीला दीड फुटाच्या आसपास व्यासाचा भोपळा लागतो, बायकांच्या तानपुऱ्याला लहान चालतो. म्हणजे वाद्य कोणाच्या गळ्याला जाणार, याचा अर्धा निकाल शेतातच लागलेला असतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण वाद्याच्या आत कारागिराच्या नावाची चिठ्ठी असते, भोपळा पिकवणाऱ्याची नसते. मला हे खटकतं.

डहाणू-जव्हारकडे हा भेद राहत नाही. तिथे वारली माणूस तारपा स्वतःच बनवतो. वाळका दुधी, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि सगळं मेणाने चिकटवलेलं. पश्चिम आफ्रिकेतला कोरा तर अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून एकवीस तारांनी वाजतो. शाळेत भोपळा मिळाला म्हणजे शून्य मिळालं, आणि जगभर त्याच पोकळीवर गाणी उभी आहेत!

आता फायबरचे तानपुरे आहेत, खोक्यातले आहेत, फोनमधलेही आहेत. रियाजाला ते पुरतात आणि प्रवासात फुटत नाहीत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. मैफिलीला मात्र गवयाला मागे दोन तानपुरे हवे असतात, आणि तेही एकमेकांना साजेसे. कारागिराची खरी अडचण इथे सुरू होते. एक भोपळा मनासारखा मिळतो, त्याच घेराचा, त्याच जाडीचा दुसरा त्या ढिगात असेलच असं नाही. मग पहिला बाजूला ठेवायचा, गिऱ्हाइकाला थांबायला सांगायचं आणि भीमाकाठचं पुढच्या हंगामाचं पीक यायची वाट पाहायची.