आरिआके कोलिझियम: न पाडता नव्याने घडवलेले टेनिस कोर्ट

टोकियोच्या कोतो वॉर्डात, उपसागरात भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर आरिआके टेनिस पार्क हे विस्तीर्ण क्रीडासंकुल उभे असून, त्यातील सुमारे दहा हजार आसनांचे आरिआके कोलिझियम हे जपानी टेनिसचे मुख्य मैदान मानले जाते. 1987 साली उघडे मैदान म्हणून सुरू झालेली ही वास्तू 1991 मध्ये छप्पर चढवल्याने बदलली आणि 2017 नंतर ऑलिम्पिकच्या तयारीत पुन्हा बदलली. परंतु दोन्ही वेळा ती जमीनदोस्त न करता मूळ सांगाडा राखूनच नवी करण्यात आली. 1964 च्या ऑलिम्पिकचे राष्ट्रीय स्टेडियम ज्या टोकियोने 2015 मध्ये पाडून टाकले, त्याच शहरातील हा निर्णय म्हणूनच विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

जपानमधील टेनिसची परंपरा या मैदानाहून पुष्कळ जुनी आहे. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये इचिया कुमागाए यांनी एकेरीत आणि सेइइचिरो काशिओ यांच्या साथीने दुहेरीत रौप्यपदक मिळवले, आणि कोणत्याही खेळातील जपानची ती पहिली ऑलिम्पिक पदके ठरली. त्यांचे समकालीन झेन्झो शिमिझू हे मित्सुई कंपनीच्या नोकरीनिमित्त कलकत्त्यात राहत असताना तेथील कोर्टांवर घडलेले खेळाडू होते, आणि 1921 साली डेव्हिस चषकाच्या उपांत्य फेरीत जपानने भारतालाच हरवून अंतिम लढतीपर्यंत मजल मारली, ही गोष्ट भारतीय वाचकांना फारशी ठाऊक नसते. पुढे 1936 मध्ये टोकियोच्या देनएनचोफू भागात देनएन कोलिझियम उभे राहिले आणि सुमारे अर्धशतक मोठे सामने तेथे होत राहिले. आरिआके सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, 1989 मध्ये, ते पाडण्यात आले.

आरिआकेच्या इतिहासातील निर्णायक टप्पा मात्र 1991 चा. पाऊस आणि वादळे यांमुळे टोकियोत उघड्यावरच्या स्पर्धेचे वेळापत्रक कोलमडण्याची भीती कायम असते, आणि हार्ड कोर्ट ओले झाले की ते पूर्ण वाळेपर्यंत खेळाडूंना पाय घसरण्याच्या धोक्यामुळे खेळता येत नाही. यावर उपाय म्हणून कोर्टावर सरकते छप्पर, म्हणजे हवे तेव्हा बंद करता येणारे आणि ऊन पडल्यावर उघडता येणारे छप्पर, बसवण्यात आले. उघडी म्हणून बांधलेल्या वास्तूवर असे छप्पर नंतर चढवणे हे नवे बांधण्याहून अवघड असते, कारण प्रेक्षकांच्या भारासाठी आखलेल्या रचनेजवळ आता जागा बदलणारा प्रचंड भार, वादळी वारा आणि भूकंपाचे हादरे या सर्वांचा एकत्र हिशोब करावा लागतो. मेलबर्नच्या मुख्य कोर्टाला 1988 मध्ये, म्हणजे त्याच्या उभारणीपासूनच, असे छप्पर होते. परंतु विंबल्डनच्या सेंटर कोर्टाला ते 2009 मध्ये आणि न्यूयॉर्कच्या आर्थर अ‍ॅश स्टेडियमला 2016 मध्ये मिळाले, हे पाहता आरिआकेची दूरदृष्टी थक्क करणारी आहे.

जपानी प्रेक्षकांच्या मनात या मैदानाला जागा मिळवून दिली ती किमिको दाते यांनी. एप्रिल 1996 मध्ये फेड चषकाच्या, म्हणजे महिलांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धेच्या, लढतीत त्यांनी त्या काळी जगात अव्वल असलेल्या स्टेफी ग्राफ यांना 7-6, 3-6, 12-10 असे नमवले. निर्णायक सेटला टायब्रेक नसल्याने दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळ चालूच राहिला, आणि जपानने जर्मनीवर 3-2 अशी मात केली. त्याच दाते यांनी सप्टेंबर 2017 मध्ये याच मैदानावर कारकिर्दीचा अखेरचा सामना खेळला, आणि त्या वर्षीच्या शरदातील स्पर्धा आटोपल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू झाले.

या कामात कोलिझियमची डागडुजी करून, अपंग प्रेक्षकांना सुलभपणे ये-जा करता येईल अशा सोयी वाढवण्यात आल्या, आणि शेजारी शो कोर्ट क्रमांक 1 हे नवे प्रेक्षागार उभारण्यात आले. काम चालू असताना स्पर्धांना दुसरीकडे आसरा शोधावा लागला: 2018 ची जपान ओपन चोफू शहरातील मुसाशिनो फॉरेस्ट स्पोर्ट प्लाझा या बंदिस्त क्रीडागारात झाली, तर तोरे पॅन पॅसिफिक ही महिलांची स्पर्धा त्या वर्षी ताचिकावात आणि पुढच्या वर्षी ओसाकाच्या उत्सुबो पार्कात भरली. ऑक्टोबर 2019 मध्ये जपान ओपन आरिआकेत परतली, आणि नोव्हाक जोकोविच यांनी ती जिंकली.

पुनर्बांधणीची चर्चा छप्पर आणि खुर्च्यांपाशी थांबते, परंतु खेळाडूचा संबंध येतो तो पायाखालच्या पृष्ठभागाशी. हार्ड कोर्टाच्या तळाशी डांबरी किंवा काँक्रीटचा सपाट थर असतो आणि त्यावर वाळू मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ थर एकावर एक दिले जातात. वाळू जितकी जाड आणि जास्त, तितके घर्षण वाढून चेंडू टप्प्यानंतर मंदावतो. सर्वसामान्य जपानी क्लबांत मात्र वाळू भरलेल्या कृत्रिम गवताची कोर्टे फार आढळतात, कारण पाऊस थांबल्यावर त्यांवर लवकर खेळता येते. रोजच्या खेळाला ही सोय मोठी असली, तरी जागतिक स्पर्धा ज्या पृष्ठभागांवर होतात त्यांची सवय तिच्यामुळे होत नाही; त्यामुळे आरिआकेसारख्या सार्वजनिक संकुलातील हार्ड कोर्टांचे मोल जपानी खेळाडूंसाठी अधिकच वाढते.

करोनामुळे एक वर्ष लांबलेल्या ऑलिम्पिकमध्ये, जुलै 2021 मध्ये, या कोर्टाची खरी परीक्षा झाली. बाहेर पाऊस असताना नाओमी ओसाका आणि मार्केटा वोंद्रुशोव्हा यांचा सामना बंद छपराखाली खेळवता आला आणि यजमान देशाच्या आवडत्या खेळाडूचा पराभव झाला. दुसरीकडे, बाहेरच्या कोर्टांवर उष्म्याने खेळाडू इतके हैराण झाले की 29 जुलैपासून सामने दुपारी तीनला सुरू करावे लागले. सुमित नागल यांनी पहिल्या फेरीत डेनिस इस्टोमिन यांना हरवले, तेव्हा लिअँडर पेस यांच्या 1996 च्या कामगिरीनंतर ऑलिम्पिक पुरुष एकेरीत सामना जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतरच्या पॅरालिम्पिकमध्ये शिंगो कुनिएदा यांनी व्हीलचेअर टेनिसच्या एकेरीत सुवर्णपदक जिंकले.

महाराष्ट्रात पुण्याच्या बालेवाडी संकुलातील टेनिस कोर्टांवर 2018 ते 2023 या काळात, 2021 चा अपवाद वगळता, एटीपी दर्जाची महाराष्ट्र ओपन होत असे. पावसाळ्याचे चार महिने उघड्या कोर्टावरचा खेळ जेथे विस्कळीत होतो, तेथील स्टेडियमच्या नव्या आराखड्याचा विचार करताना जुनी वास्तू पाडण्याआधी आरिआकेचा अभ्यास क्रीडा खात्याने आणि टेनिस संघटनेने अवश्य करावा.