डिस्नेच्या जत्रेत शेतकऱ्याचे डोळे

मुलगा किंवा लेक अमेरिकेत असलेली घरे आता आपल्या गावांतूनही सापडतात. आईवडील चार-सहा महिने तिकडे राहायला गेले की मुले त्यांना हमखास एका ठिकाणी नेतात. फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो शहराजवळ असलेली ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ ही नगरी ते ठिकाण. परत आल्यावर पारावर कोणी विचारले, ‘काय पाहिलेत हो?’ तर उत्तर मिळते, ‘मोठी जत्रा होती. पाय दुखले.’

उत्तर खोटे नाही. पण जमीन, पाणी आणि पीक ज्याला कळते त्याला तिथे आणखी पुष्कळ दिसेल. तुम्हाला कधी जाण्याचा योग आला, तर काय पाहावे ते सांगतो. योग नाही आला तरी हकीकत ऐकण्यासारखी आहे.

ही एक जत्रा नव्हे, चार आहेत. पहिली 1971 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, शेवटची 1998 मध्ये. पहिलीचे नाव ‘मॅजिक किंग्डम’, म्हणजे जादूचे राज्य. 2023 साली एकट्या तिथे पावणेदोन कोटींच्या आसपास माणसे येऊन गेली, असा अंदाज आहे. गाडी लांब उभी करावी लागते. तिथून मोठ्या होडीने किंवा एकाच रुळावरून धावणाऱ्या मोनोरेलने तळे ओलांडून जायचे. समोर 189 फूट उंचीचा राजवाडा दिसू लागतो आणि नातवंडे ओरडू लागतात.

तुम्ही मात्र तळ्याकडे पाहा. ते देवाने दिलेले नाही, माणसाने खोदलेले आहे. ही सारी जागा दलदलीची. हातभर खणले की पाणी. जत्रेसाठी तर जमिनीखालून वाटा हव्या होत्या, म्हणजे नोकरमाणसे, माल आणि कचरा पाहुण्यांच्या नजरेस न पडता ये-जा करतील. खाली खणता येईना, तेव्हा वाटा जमिनीवरच बांधल्या, तळे खोदून निघालेली माती आजूबाजूला भरली आणि जत्रा त्यांच्या डोक्यावर उभी केली. पाहुणा समजतो आपण जमिनीवर चालतो आहोत. खरे तर तो माडीवर असतो! शेजारचे जुने तळे होते ते उपसून काढले, तळाचा काळा गाळ उचलला, तर खाली पांढरी शुभ्र वाळू निघाली. निचऱ्यासाठी मैलोगणती कालवे काढले आणि पाणी वाढले की आपोआप उघडतील अशी दारे त्यांवर बसवली. पाणथळ रानाशी ज्याने झुंज दिली आहे, त्याला हे काम राजवाड्यापेक्षा मोठे वाटेल.

आता जमिनीची गोष्ट. इथे मी जरा थांबणार आहे.

1964-65 च्या सुमारास या भागात गुरांची कुराणे, संत्र्यांच्या बागा आणि दलदल होती. अचानक गिऱ्हाइके येऊ लागली. नावे अनोळखी, कंपन्या निरनिराळ्या. एका कंपनीच्या नावात तर ‘रँच’, म्हणजे गुरांचे कुरण, असा शब्द होता. खरा घेणारा एकच होता, तो म्हणजे वॉल्ट डिस्ने. आपले नाव कळले तर भाव चढेल, म्हणून त्याने ते झाकून ठेवले. सुमारे 27 हजार एकर जमीन, म्हणजे आपल्याकडच्या दहा-पंधरा गावांची शिवारे, साधारण 50 लाख डॉलरमध्ये त्याच्या हाती आली. एकरी सरासरी दोनशे डॉलरसुद्धा पडले नाहीत. 1965 च्या ऑक्टोबरात ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ या तिथल्या वृत्तपत्राने गिऱ्हाइकाचे नाव छापले आणि आसपासचे भाव पाहता पाहता कित्येक पटींनी वर गेले. ज्यांनी आधी विकले ते विकून मोकळे झाले होते.

यात बेकायदा काही नव्हते. दलदलीला कोणी विचारत नव्हते, तेव्हा विकणाऱ्यांनाही सौदा बराच वाटला असेल. तरीपण आपल्या बांधावर महामार्गाची किंवा कारखान्याची कुजबूज सुरू होते आणि कोणी परका एजंट सातबारा मागत येतो, तेव्हा ही हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे 1967 मध्ये राज्याने कायदा करून त्या टापूचा निचरा, रस्ते आणि बांधकाम परवाने यांसाठी वेगळा जिल्हा स्थापन केला. तिथली बहुतेक जमीन कंपनीचीच, तेव्हा कारभारही तिच्याच हाती गेला. म्हणजे स्वतःची ग्रामपंचायतच म्हणा ना! 2023 मध्ये तो कारभार राज्यपालांनी नेमलेल्या मंडळाकडे गेला. खुद्द वॉल्ट डिस्ने 1966 च्या डिसेंबरात वारला. त्याला ही जत्रा बघायला मिळाली नाही.

आता रांगांविषयी. दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो, हे मनाशी धरूनच निघा. वळणावळणाच्या रांगा असतात, अगदी आपल्या दर्शनबारीसारख्या. तोंडाशी पाटी असते, किती मिनिटे थांबावे लागेल ते सांगणारी. सकाळी दार उघडताच गेलात तर निम्मा त्रास वाचतो. पूर्वी वेळ ठरवून देणारी चिठ्ठी फुकट मिळत असे. ती सोय 1999 मध्ये सुरू झाली होती. 2021 पासून मात्र जलद रांगेला वेगळे पैसे पडतात. पैसेवाल्याने पुढे जायचे आणि लेकरू कडेवर घेतलेल्या बाईने उन्हात उभे राहायचे, हे देवळात पटत नाही, मग जत्रेत तरी का पटावे? तिकीट तसेही स्वस्त नाही. 1971 मध्ये नुसता प्रवेश साडेतीन डॉलरला होता. आज एका माणसाला एका दिवसाचे शंभर डॉलरहून अधिक पडतात आणि गर्दीच्या दिवसांत दोनशेच्या घरात जातात.

लहान मुलांची उंची मोजून घ्या. जोरात धावणाऱ्या पाळण्यांना मर्यादा असते, ‘स्पेस माउंटन’ला 44 इंच. ऐन दारातून परत फिरवलेले पोर दिवसभर रुसून बसते. खाण्याचे म्हणाल तर घरून नेलेली शिदोरी आत चालते. दशम्या, चटणी, फळे खुशाल न्या. काचेची बाटली तेवढी नको. जिथे थंड पेये विकतात अशा बहुतेक खिडक्यांवर मागितले तर बर्फाचे पाणी फुकट देतात. न मागणारा बाटलीचे पैसे मोजतो. उन्हाळ्यात दुपारी वळवासारखा पाऊस कोसळतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे खेळ बंद ठेवतात, तेव्हा छत्री विसरू नका.

आणि दुसऱ्या जत्रेत, ‘एपकॉट’मध्ये, गेल्याशिवाय परतू नका. ही 1982 ची. तिथे ‘लँड’, म्हणजे भूमी, नावाची इमारत आहे. तिच्यात होडीत बसवून तुम्हाला शेती दाखवतात! पैसे मोजून लोक शेती बघायला येतात, हे आपल्या घरी सांगितले तर हसतील. होडी आधी रान, वाळवंट, जुने शेतघर अशा देखाव्यांतून जाते आणि मग खऱ्या हरितगृहांत शिरते. केळी आहेत, फणस आहे. काही रोपांची मुळे हवेत लोंबतात आणि त्यांवर खताच्या पाण्याचा फवारा पडतो. मातीचे ढेकूळ नाही. टाक्यांत तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीतली चिलापी, पाळलेली असते. कोवळ्या भोपळ्यांना साचा घालून उंदराच्या तोंडाचा आकार देतात, तो पोरांसाठी. पण टोमॅटोचा वेल मांडवावर द्राक्षासारखा चढवलेला असतो, तो नीट न्याहाळा. इथल्या एका रोपाने हंगामात 32 हजारांवर टोमॅटो दिले. वजन सव्वापाचशे किलोच्या जवळपास भरले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. अर्थात खर्च किती आला हे पाटीवर लिहिलेले नसते. तिथे माल बाजारात न्यायचा नाही, तो जत्रेतल्याच उपाहारगृहांत शिजतो. अशी शेती कोणालाही परवडेल असे समजून घरी येऊ नका. फवाऱ्याची मांडणी आणि वेलाला दिलेला आधार मात्र डोळ्यांत साठवून घ्या.

होडीचा फेरा जेमतेम पंधरा मिनिटांचा. मुलांना हा खेळ कंटाळवाणा वाटतो, त्यामुळे रांग बहुधा लहान असते. पाय दुखत असतील तर सुनेला आणि नातवंडांना पुढे पाठवा आणि पुन्हा एकदा होडीत बसा.