दृष्टिपटलाची विद्युत्-परीक्षा : एक मागोवा

मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या रयतेत नेत्रवैद्यकाविषयी जो विश्वास रुजला, त्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा वाटा मोठा होता. कारण तिने हरपलेली दृष्टी परत मिळते. काचबिंदूची हकीकत निराळी आहे. दृष्टीचा मज्जातंतू हळूहळू झिजतो, बहुधा कडेची नजर आधी जाते, वेदना सहसा होत नाही, आणि एकदा गेलेले कोणत्याही इलाजाने परत येत नाही. दृष्टिक्षेत्राच्या आलेखात पहिला दोष उमटतो तोवर त्या मज्जातंतूला जन्म देणाऱ्या गँग्लियन पेशींपैकी चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पेशी नष्ट झालेल्या असू शकतात. हानी होण्याआधीच तिची चाहूल घेता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

उत्तराची वाट डोळ्यातील विजेतून गेली. उप्साला येथील फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांना १८६५ मध्ये असे आढळले होते की, बेडकाच्या डोळ्यावर प्रकाश पडताच त्यातील विद्युत्-स्थिती पालटते. १९३३ मध्ये राग्नार ग्रॅनिट यांनी प्रकाशाने उठणाऱ्या या विद्युत्-लहरीचे घटक पृथक् केले. पुढे १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. परंतु लखलखत्या प्रकाशाने उठणारी ती लहर मुख्यतः दृष्टिपटलाच्या बाहेरच्या व मधल्या थरांची असल्यामुळे काचबिंदूच्या रुग्णातही ती बहुतेक शाबूत दिसे. ही कोंडी १९८१ मध्ये पिसा येथील माफेई आणि फिओरेंतिनी यांनी फोडली. मांजराचा दृष्टीचा मज्जातंतू छेदल्यानंतर काही महिन्यांत, गँग्लियन पेशी नष्ट होत गेल्या तशी, बदलत्या नक्षीला मिळणारी लहर लोपली; लखलखाटाची मात्र टिकून राहिली. या शोधाचे मोल मला या साऱ्या इतिहासात सर्वाधिक वाटते.

आज बदलत्या नक्षीची ही परीक्षा होते ती अशी : रुग्ण चष्मा लावून पडद्यावरील काळ्यापांढऱ्या चौकटींच्या पटाकडे स्थिर पाहतो, चौकटींचे रंग सेकंदाला काही वेळा उलटतात, आणि खालच्या पापणीच्या आत ठेवलेला केसासारखा बारीक धागा अवघ्या काही मायक्रोव्होल्टांचा प्रतिसाद टिपतो. तो इतका क्षीण असतो की शेकडो नोंदींची सरासरी काढल्यावाचून हाती लागत नाही. त्यातील सुमारे ९५ मिलिसेकंदांनी येणारा उतार गँग्लियन पेशींची साक्ष देतो. पुढे १९९९ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून लखलखाटाच्याच लहरीतील एक उशिरा येणारा ऋण उतारही काचबिंदूत घटतो असे दिसले. २००५ मधील एका छोट्या अभ्यासात तर डोळ्याचा दाब उतरवल्यावर काही रुग्णांची मंदावलेली लहर सुधारली. म्हणजे पेशी मरण्यापूर्वी काही काळ केवळ आजारी असतात, आणि नेमकी तीच मुदत वैद्याला हवी असते.

तरीही या एका लहरीवर निदान ठरत नाही, कारण वय, दृष्टिपटलाचे अन्य विकार आणि मोतीबिंदूही तिला बिघडवतात. हे यंत्र प्रत्येक तालुक्याच्या गावी नाही. म्हणून सातारा-सांगलीच्या वाचकांना कळकळीची विनंती अशी की, घरात आईवडील वा भावंडांपैकी कोणास काचबिंदू असेल, किंवा स्वतःची चाळिशी उलटली असेल, तर नजर ठीक आहे एवढ्यावर स्वस्थ न बसता डोळ्याचा दाब आणि मज्जातंतूचे मुख यांची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी.